चंद्राची घाई, पृथ्वीचा उशीर

१६९५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एडमंड हॅलीचा एक लेख छापून आला. विषय होता सीरियाच्या वाळवंटात ओसाड पडलेलं पालमायरा शहर. अलेप्पोत राहणारे इंग्रज व्यापारी काही वर्षांपूर्वी तिथे जाऊन आले होते, त्यांनी तिथले शिलालेख उतरवून आणले होते, आणि हॅली त्यांवरून शहराचा जुना इतिहास जुळवू पाहत होता. ज्याच्या नावाचा धूमकेतू आहे तोच हा हॅली. लेखाच्या शेवटी त्याने जाता जाता एक भलतीच मागणी केली. बगदाद, अलेप्पो आणि अलेक्झांड्रिया या शहरांचे रेखांश कुणी नीट मोजून कळवले, तर चंद्राची गती किती प्रमाणात वाढते आहे ते आपण सांगू शकू, असं त्याने लिहिलं. ती वाढते आहे, याबद्दल त्याला शंका नव्हती.

भग्न खांबांच्या लेखात चंद्र कुठून आला? पालमायरापासून फार लांब नसलेल्या रक्का गावी अल बत्तानी या ज्योतिर्विदाने आठशे वर्षांपूर्वी ग्रहणं पाहून त्यांच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या. त्याच्याही आधीच्या, थेट बॅबिलोनपर्यंत जाणाऱ्या नोंदी ग्रीक ज्योतिर्विद टॉलेमीच्या ग्रंथात होत्या. त्यांतली सर्वांत जुनी इसवी सनापूर्वी ७२१ सालच्या चंद्रग्रहणाची. आजच्या चंद्राची गती घेऊन मागे मागे गणित करत गेलं, की ही ग्रहणं लिहिलेल्या वेळी लागायला हवीत. ती तशी लागत नव्हती. पण जुन्या वेळा त्या त्या गावच्या सूर्यावरून मोजलेल्या, म्हणून गावांचे रेखांश पक्के ठाऊक असल्याशिवाय हिशेब पुरा होत नव्हता. हॅलीने तो मग पुरा केलाच नाही. गोष्ट तिथेच पडून राहिली.

चोपन्न वर्षांनी, १७४९ साली, केंब्रिजच्या रिचर्ड डनथॉर्नने ती उचलली. त्याने बॅबिलोनची ग्रहणं घेतली, अलेक्झांड्रियातलं चौथ्या शतकातलं एक ग्रहण घेतलं, कैरोत ज्योतिर्विद इब्न युनुसने नोंदलेली ९७७ आणि ९७८ मधली सूर्यग्रहणं घेतली, आणि सगळ्यांशी आजच्या चंद्राचा मेळ घातला. चंद्र खरोखरच पुढे सरकत होता. शतकांच्या संख्येचा वर्ग करायचा आणि त्याला सुमारे १० विकलांनी (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) गुणायचं, की चंद्र किती पुढे गेला ते मिळतं. एका शतकात हा फरक नगण्य. पंचवीस शतकांत मात्र तो साडेतीन पौर्णिमेच्या चंद्रबिंबांएवढा होतो, म्हणजे ग्रहणाच्या वेळेत तीन तासांहून अधिक तफावत. ती बॅबिलोनच्या पुरोहितांच्या माथी मारून मोकळं होता येत नव्हतं.

न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाने धूमकेतूंपासून भरतीपर्यंत सगळ्याचा उलगडा केला होता. चंद्राची ही घाई तेवढी त्यात बसेना. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने बक्षिसं लावली. ऑयलर आणि लाग्रांज या त्या काळच्या दोन सर्वांत मोठ्या गणितज्ञांनी ती पटकावलीही, पण उत्तर दोघांकडेही नव्हतं. लाग्रांज तर इतका वैतागला की जुन्या नोंदींवरच विश्वास ठेवू नये असं सुचवून बसला.

आणि मग १७८७ साली फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने कोडं सोडवलं. निदान सगळ्यांना तसं वाटलं. इतर ग्रहांच्या ओढीने पृथ्वीची सूर्याभोवतालची लंबवर्तुळाकार कक्षा हळूहळू गोल होत चालली आहे; त्यामुळे चंद्रावरचा सूर्याचा सरासरी परिणाम किंचित घटतो, चंद्र जरासा पृथ्वीजवळ येतो आणि वेगाने फिरतो, असा त्याचा युक्तिवाद होता. गणिताने आकडा दिला १० विकलांचा. निरीक्षणंही तेच सांगत होती. शिवाय पुढे हजारो वर्षांनी ही कक्षा पुन्हा लांबट होईल आणि चंद्राची घाई आपोआप ओसरेल, म्हणजे सूर्यमालेला धोका नाही, हाही दिलासा त्यात होता. इतकं नेटकं उत्तर कुणी पुन्हा तपासत बसत नाही. पुढची पासष्टएक वर्षं ते कुणी मुळापासून तपासलंही नाही.

मधल्या काळात दोन माणसांनी योग्य जागी बोट ठेवलं होतं. पहिला इमॅन्युएल कांट. पुढे तत्त्वज्ञ म्हणून जगभर गाजलेला कांट १७५४ मध्ये तिशीतला, नाव नसलेला लेखक होता. कोनिग्सबर्गच्या एका साप्ताहिकात त्याने लिहिलं की समुद्राची भरती पृथ्वीच्या फिरण्याला विरोध करते, म्हणून दिवस लांबत असला पाहिजे. आणि चंद्र कायम एकच बाजू आपल्याला दाखवतो, त्याचं कारणही पृथ्वीने पूर्वी त्याच्यावर हाच ब्रेक लावला हे आहे. दुसरा जर्मन डॉक्टर रॉबर्ट मायर. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा विचार करता करता १८४८ मध्ये तो त्याच निष्कर्षाला आला: पाणी तळाशी आणि किनाऱ्याशी घासतं, त्यातून उष्णता निर्माण होते, ती फुकट येत नाही, पृथ्वीच्या फिरण्यातून वजा होते. पण मायरला चंद्राच्या कोड्याची गरज नव्हती आणि ज्योतिर्विदांना मायरची. त्यांच्या लेखी कोडं सुटलेलं होतं.

ते पुन्हा उघडलं जॉन काउच ॲडम्सने. नेपच्यूनची जागा कागदावर शोधूनही श्रेयात मागे राहिलेला हा अबोल इंग्रज. १८५३ मध्ये त्याने एक छोटा निबंध सादर केला. कक्षेचा आकार बदलत असताना चंद्राच्या गतीवर स्पर्शरेषेच्या दिशेनेही परिणाम होतो, तो लाप्लासने आणि त्याच्या मागून आलेल्या सगळ्यांनी गाळला होता. तो धरला की १० विकला उरत नाहीत. ॲडम्सच्या हाती अखेर ५.७ आले, म्हणजे निम्म्याहून थोडे अधिक.

काही वर्षं कुणी लक्ष दिलं नाही. मग भडका उडाला. जर्मनीचा हान्सेन, ज्याची चंद्राची कोष्टकं ब्रिटिश सरकारने आपल्या खर्चाने नुकतीच छापली होती, तो १२ विकलांवर अडून बसला. फ्रान्सच्या पोंतेकुलाँने फार कडवट भाषा वापरली. नेपच्यूनचं श्रेय मिळालेला ल व्हेरिएही विरुद्ध बाजूला होता. या विरोधकांचा मुख्य मुद्दा मोठा गमतीचा होता: ॲडम्सचा आकडा जुन्या ग्रहणांशी जुळत नाही, म्हणून त्याचं गणित चूक. बेरीज बरोबर आहे की नाही हे बेरीज तपासून ठरतं, उत्तर आवडलं का यावरून नाही. युरोपातले नामांकित गणिती एवढी साधी गोष्ट दोनेक वर्षं विसरले होते.

ॲडम्सच्या बाजूने उभा राहिला तो ल व्हेरिएचा पॅरिसमधला कट्टर प्रतिस्पर्धी, शार्ल दलोने. दलोनेने आयुष्याची वीस वर्षं एकट्याने चंद्राच्या गतीचं बीजगणित मांडण्यात घालवली. त्याचे दोन जाडजूड खंड १८६० आणि १८६७ मध्ये निघाले, पानंच्या पानं नुसती समीकरणांनी भरलेली. शतकभरानंतर संगणकाने ते सगळं तपासलं तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्याच चुका निघाल्या. अशा माणसाने स्वतःच्या, पूर्ण वेगळ्या पद्धतीने ॲडम्सचाच आकडा काढून दाखवल्यावर वाद संपणं भाग होतं. १८६६ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने याच कामाबद्दल ॲडम्सला सुवर्णपदक दिलं.

मग उरलेल्या विकलांचं काय? त्याचंही उत्तर दलोनेनेच १८६५ च्या डिसेंबरात अकादमीपुढे मांडलं. अमेरिकेत विल्यम फेरेल त्याच सुमारास त्याच विचारापर्यंत पोचला होता. दोष चंद्राच्या गतीत शोधायचाच नाही. ज्या घड्याळाने ती मोजली, ते घड्याळ म्हणजे पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं, आणि तेच मंदावतं आहे. दिवस लांबले की त्या लांबलेल्या दिवसांत मोजलेला चंद्र घाईत असल्यासारखा दिसणारच. जवळजवळ पावणेदोनशे वर्षं सगळे वर बघत राहिले आणि घोळ पायाखाली होता.

हे घडतं कसं, ते पाहू. चंद्र पृथ्वीच्या जवळच्या बाजूला जास्त ओढतो आणि पलीकडच्या बाजूला कमी. ओढीतल्या या फरकाने पृथ्वी, तिचं पाणी आणि थोड्या प्रमाणात तिचा खडकही, दोन्ही बाजूंना फुगते. सूर्यही हेच करतो, कमी जोराने. दोघे एका रेषेत आले की अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, आणि काटकोनात असले की अष्टमीच्या आसपासचा भांग, हे कोकणातल्या कुठल्याही मच्छीमाराला सांगायला नको. फुगवटा बरोबर चंद्राखाली राहिला असता तर पुढे काहीच झालं नसतं. पण पृथ्वी चोवीस तासांत फिरते आणि चंद्राला सत्तावीस दिवस लागतात. वेगाने फिरणारी पृथ्वी, घर्षणामुळे, फुगवटा जरा पुढे ओढून नेते. पुढे गेलेल्या त्या फुगवट्याला चंद्र मागे खेचतो, त्यामुळे पृथ्वी मंदावते. उलट तो फुगवटा चंद्राला पुढे खेचतो, त्यामुळे चंद्र वरच्या, मोठ्या कक्षेत चढतो. वरची कक्षा म्हणजे कमी वेग. म्हणजे गंमत अशी की हॅलीला घाईत दिसलेला चंद्र खरं तर दर शतकाला मंदावतो आहे, फक्त पृथ्वी त्याहून जास्त मंदावते.

दलोने १८७० मध्ये ल व्हेरिएच्या जागी पॅरिस वेधशाळेचा संचालक झाला. दोनच वर्षांनी, ऑगस्ट १८७२ मध्ये, शेरबुर्गजवळ समुद्रात त्याची होडी उलटली आणि तो बुडून मेला.

त्याचं काम पुढे नेलं ते जॉर्ज डार्विनने. हा उत्क्रांतीवाल्या चार्ल्स डार्विनचा मुलगा. वकिलीची सनद घेतलेला, प्रकृतीने नाजूक, आणि आकडेमोडीला न कंटाळणारा. १८७९ मध्ये त्याने हा सगळा चित्रपट उलटा फिरवला. चंद्र दूर जात असेल तर पूर्वी तो जवळ होता. दिवस लांबत असेल तर पूर्वी तो आखूड होता. मागे जात जात तो अशा क्षणाला पोचला जिथे चंद्र जवळजवळ पृथ्वीला चिकटलेला होता आणि दिवस व महिना दोन्ही एकाच लांबीचे होते: ५ तास ३६ मिनिटं. तिथून आजपर्यंत यायला किमान ५ कोटी ४० लाख वर्षं लागली असावीत, असा त्याचा अंदाज. वेगाने फिरणाऱ्या पृथ्वीचाच तुकडा उडून चंद्र झाला, हा त्याचा तर्क विसाव्या शतकात टिकला नाही, आणि ती किमान वर्षंही फारच थोडी ठरली. मात्र ग्रह आणि उपग्रह एकमेकांच्या फिरण्यावर लाखो-कोटी वर्षं कसे परिणाम करतात, हे मोजण्याची पद्धत आजही त्याचीच आहे.

पृथ्वीचा खडक किती वाकतो, हा प्रश्न डार्विनला पुढे सतावत होता. खडक मऊ असेल तर समुद्राबरोबर जमीनही वरखाली होईल आणि भरती उथळ भासेल. त्यासाठी त्याने इंग्लंड, फ्रान्स आणि हिंदुस्थानातल्या बंदरांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी चाळून पंधरवड्याची आणि महिन्याची अतिशय बारीक भरती वेगळी काढली. पृथ्वीचा कडकपणा पोलादाच्या तोडीचा निघाला. त्या काळात हिंदुस्थानचा सर्व्हे विभाग किनाऱ्यावर भरतीमापक यंत्रं बसवत होता. मुंबईच्या अपोलो बंदरावरच्या नोंदी १८७८ पासून सुरू होतात, आणि इथल्या बंदरांची भरतीची कोष्टकं लंडनमध्ये खास हिंदुस्थानसाठी बनवलेल्या दात्यांच्या यंत्रावर काढली जात. आजही समुद्राची पातळी किती वाढली हे सांगताना अपोलो बंदराच्या त्या जुन्या आकड्यांचा आधार घेतात.

घर्षण नेमकं कुठे होतं, यालाही उत्तर मिळायला १९१९ उजाडलं. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलरने आयरिश समुद्रात आत-बाहेर जाणाऱ्या पाण्याचा जमाखर्च मांडला आणि एवढ्याशा उथळ पट्ट्यात प्रचंड ऊर्जा जिरते असं दाखवलं. हॅरॉल्ड जेफ्रीजने तोच हिशेब जगभरच्या उथळ समुद्रांना लावला. उपग्रहांनी २००० च्या सुमारास त्यात दुरुस्ती केली: पाव भागाहून अधिक ऊर्जा खोल महासागरात, तळाच्या डोंगररांगांवर जिरते.

यानंतरचे पुरावे चहूबाजूंनी आले. १९६३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या जॉन वेल्सने जुन्या प्रवाळांचे जीवाश्म भिंगाखाली धरले. प्रवाळ दररोज चुन्याची एक बारीक रेघ वाढवतं आणि वर्षाची जाड वळीही त्यावर दिसते. आजच्या प्रवाळावर वळीमागे सुमारे ३६० रेघा मोजता येतात. सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या डेव्होनियन प्रवाळांवर वेल्सला त्या ४०० च्या आसपास मिळाल्या. वर्ष तेवढंच, दिवस मात्र चारशे. म्हणजे एक दिवस सुमारे २२ तासांचा. आता कुठलंही गणित नको, मोजता येणारा माणूस पुरे.

जुलै १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन यांनी चंद्रावर काचेच्या १०० लोलकांची एक थाळी ठेवली. महिना उलटायच्या आत, १ ऑगस्टला, कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेने तिच्यावर लेझर मारून परतलेला प्रकाश टिपला. जायला-यायला अडीच सेकंद. पुढे अशा आणखी थाळ्या गेल्या आणि निकाल स्पष्ट झाला: चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर जातो. आजच्याइतकंच घर्षण कायम धरून मागे गेलं तर चंद्र दीड अब्ज वर्षांपूर्वीच पृथ्वीला भिडलेला असायला हवा, आणि चंद्राचे खडक साडेचार अब्ज वर्षांच्या घरातले. या पेचाचा उलगडा खंडांच्या मांडणीत सापडतो. आजच्या महासागरांचा आकार भरतीच्या लाटेला नेमका मानवतो, म्हणून घर्षण जास्त. पूर्वी जमिनीची मांडणी वेगळी असताना ते बरंच कमी होतं.

आणि हॅलीची जुनी ग्रहणं? ती तर सर्वांत उपयोगी ठरली. ब्रिटिश म्युझियममध्ये बॅबिलोनच्या मातीच्या विटा आहेत, बाणाच्या टोकासारख्या अक्षरांत ज्योतिषांची रोजनिशी लिहिलेल्या. त्यांत इसवी सनापूर्वी १३६ सालच्या १५ एप्रिलचं खग्रास सूर्यग्रहण आहे. सूर्योदयानंतर केव्हा लागलं हे नोंदलं आहे, अंधारात बुध आणि शुक्र दिसले हे लिहिलं आहे, आणि एरवी सूर्याच्या तेजात लपलेले गुरू आणि मंगळही त्या वेळी दिसले, हेसुद्धा. पृथ्वी तेव्हापासून एकसारख्या वेगाने फिरत आली असं धरलं, तर गणितानुसार या ग्रहणाची सावली बॅबिलोनवर पडतच नाही. ती जवळजवळ ४९ अंश पश्चिमेला, भूमध्य समुद्रातल्या मेजोर्काच्या आसपास पडते. ते अंतर म्हणजे साचत गेलेले सव्वातीन तास. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड स्टीफन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा शेकडो नोंदी वाचून २०१६ मध्ये आकडा दिला: दिवस शतकाला सरासरी १.७८ मिलिसेकंदांनी लांबतो. नुसत्या भरतीने तो २.३ ने लांबायला हवा. उरलेला फरक पृथ्वीच्या आकारातल्या बदलांचा, त्यातला मोठा वाटा हिमयुगातलं बर्फ वितळल्यावर वर उचलल्या जाणाऱ्या ध्रुवांजवळच्या जमिनीचा.

पृथ्वीबाहेर भरतीच्या या बळाने आणखी उचापती केल्या आहेत. प्लुटो आणि त्याचा उपग्रह शॅरन एकमेकांना कायमचे तोंड करून आहेत, दोघांचाही दिवस ६.४ पृथ्वीदिवसांचा. मंगळाचा उपग्रह फोबोस मंगळाच्या दिवसापेक्षा वेगाने फिरतो, म्हणून मंगळावरचा फुगवटा त्याला मागे ओढतो आणि तो खाली येत चालला आहे. ती घसरण समजावताना सोव्हिएत शास्त्रज्ञ श्क्लोव्हस्कीने फोबोस पोकळ, कदाचित कुणीतरी बनवलेला असावा, इथपर्यंत मजल मारली होती! बुधाच्या बाबतीत तर सिद्धान्तानेच फसवलं. चंद्रासारखाच तोही एकच बाजू सूर्याला दाखवणार, असं १८८९ पासून पाठ्यपुस्तकांत होतं. १९६५ मध्ये अरेसिबो वेधशाळेच्या रडारने त्याचा फेरा ८८ नव्हे, ५९ दिवसांचा निघतो हे दाखवलं. तो सूर्याभोवती दोनदा फिरताना स्वतःभोवती तीनदा फिरतो.

सर्वांत नाट्यमय प्रकरण गुरूच्या आयो या उपग्रहाचं. आयो, युरोपा आणि गॅनिमीड यांचे फेरे ४:२:१ अशा प्रमाणात बांधलेले आहेत, आणि ही बांधणी का टिकते हे दाखवणारा पुन्हा लाप्लासच. शेजाऱ्यांच्या या ठेक्यामुळे आयोची कक्षा पूर्ण गोल होऊ शकत नाही; गुरूजवळ-लांब होताना त्याची जमीन शंभर मीटरपर्यंत वरखाली होते. अमेरिकी शास्त्रज्ञ स्टॅन्टन पील आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २ मार्च १९७९ च्या 'सायन्स'मध्ये लिहिलं की या मळण्याने आयोचं पोट वितळलेलं असणार. तीन दिवसांनी व्हॉएजर-१ हे यान आयोजवळून गेलं. ८ मार्चला यानाचा मार्ग तपासणाऱ्या अभियंता लिंडा मोराबितो मागचे अंधूक तारे दिसावेत म्हणून एक छायाचित्र उजळून पाहत होत्या. आयोच्या कडेबाहेर त्यांना एक प्रचंड छत्रीसारखा ढग दिसला. आधी त्यांना वाटलं, मागून दुसरा चंद्र डोकावतो आहे. तो ज्वालामुखीचा धूर होता, सुमारे तीनशे किलोमीटर उंच. पृथ्वीबाहेर धगधगता ज्वालामुखी माणसाने पहिल्यांदाच पाहिला, आणि त्याची आगाऊ सूचना आठवडाभर आधी छापून आली होती.

घड्याळाची अडचण मात्र कारण कळूनही सुटली नाही. अणुघड्याळाचा सेकंद एकोणिसाव्या शतकातल्या दिवसाच्या मापावर बेतलेला आहे आणि पृथ्वी त्याच्यापेक्षा मागे पडते, म्हणून १९७२ पासून जगाच्या घड्याळात २७ वेळा एक सेकंद वाढवावा लागला. त्यांपैकी शेवटचा भारतात १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचला आला. संगणकांना या जादा सेकंदाचा त्रास होतो, म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हर्साय इथे भरलेल्या वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ही पद्धत २०३५ पर्यंत बदलायचं ठरवलं आहे.